डबे मागून येत आहेत

मराठी राज्यात किल्ले बांधायचं काम जवळजवळ आटोपलं होतं, तेव्हा मल्हारगडाचा पाया घातला गेला. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी तो १७५७ ते १७६० या काळात बांधला. 'मराठ्यांनी बांधलेला शेवटचा किल्ला' हीच त्याची ओळख. बांधून झाला न झाला तोच १७६१च्या जानेवारीत पानिपत झालं आणि १८१८ मध्ये पेशवाईच बुडाली. म्हणजे गडाची वास्तुशांत आणि राज्याची आवराआवर यांच्यात साठ वर्षंही धड गेली नाहीत. लग्नाला पंगत उठल्यावर पोचणारा एक नातेवाईक प्रत्येक घरात असतो. किल्ल्यांच्या खानदानात तो मान मल्हारगडाचा.

तेव्हा कोथरूडचं एक कुटुंब दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी सहाला निघायचं ठरवून साडेनऊला निघालं, यात गडाचा अपमान काहीच नव्हता.

कुटुंब म्हणजे बाबा, आई, आजी, कॉलेजात जाणारी ताई आणि चौथीतला धाकटा. शिवाय ऐनवेळी 'आम्हीही येतो' म्हणालेले मामा-मामी. गड निवडला बाबांनी. रविवारी सिंहगडाच्या घाटात गाड्यांची रांग लागते, वर भज्यांच्या गाड्यांपाशी तीच माणसं भेटतात जी शनिवारी भाजीबाजारात भेटली होती, म्हणून 'जरा कमी गर्दीचा, वेगळा' किल्ला हवा, असा त्यांचा आग्रह. पुण्यापासून पस्तीसेक किलोमीटर, दिवेघाट चढून गेलं की सासवडच्या अलीकडे डोंगररांगेवर मल्हारगड. सोनोरी गावावरून त्याला सोनोरीचा किल्लाही म्हणतात. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, रायगडापासून थेट तामिळनाडूतल्या जिंजीपर्यंत. त्या यादीत मल्हारगड नाही. मागे राहायची त्याला सवय आहे.

कुटुंबाच्या ग्रुपवर बाबांनी गडाची माहिती टाकली. उंची, इतिहास, जायच्या वाटा. बारा ओळींच्या त्या मजकुरातली एकच ओळ सगळ्यांनी वाचली: 'गडावर खायला-प्यायला काहीही मिळत नाही.'

या एका ओळीने मोहिमेचं स्वरूप पालटलं. सिंहगड चढणारा पुणेकर पिठलं-भाकरीच्या आणि मडक्यातल्या दह्याच्या भरवशावर चढतो. वाटेत फार तर लिंबू सरबत, काकडीच्या फोडी. ज्या गडावर काहीच मिळत नाही, तो सर करायचा तर रसद लागते. आईने पहाटे उठून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली. मामींनी, 'ताई एकट्या किती करतील' म्हणून, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली. आजीने कोणाला न विचारता दहीभात कालवला आणि वरून हिंग-मिरचीची फोडणी दिली. दिवाळीच्या उरलेल्या चकल्या, तळाशी चुरा झालेला चिवडा, कोणीच खात नव्हतं म्हणून शिल्लक राहिलेल्या शंकरपाळ्या, लिमलेटच्या गोळ्या, ओवा, बाम, क्रेप बँडेज, सतरंजी, पत्ते आणि सहा माणसांसाठी चौदा लिटर पाणी. (माणसं सात होती. मामा स्वतःचं पाणी नळीवाल्या पिशवीतून पितात.) निघायला जे साडेनऊ वाजले, ते या रसदीमुळे, पण दोष गेला ताईच्या केस धुण्याला.

मामांबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांच्याकडे डोंगर चढण्याचं सगळं सामान आहे. घड्या घालता येणाऱ्या दोन काठ्या, गुडघ्यांचे पट्टे, घाम शोषणारा टीशर्ट, चढलेले मजले मोजणारं घड्याळ. डोंगर तेवढा अधूनमधून. 'दाजी, खरं म्हणजे चार महिने जिम बंद आहे, नाहीतर...' हे वाक्य ते हडपसरपर्यंत तीनदा म्हणाले आणि तिन्ही वेळा ते 'नाहीतर'वरच थांबलं.

दिवेघाटात आजी बोलायला लागली. हा घाट तिच्या पायाखालचा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला याच घाटाने चढते. वारीतला हा फार लांबचा टप्पा, सकाळी निघालेले वारकरी संध्याकाळी सासवडला टेकतात, आणि सासवडला पालखीचा दोन दिवस मुक्काम असतो. आजी हे अंतर उमेदीच्या वयात चारदा चालून गेली आहे, चपला पिशवीत घालून. खालचा मस्तानी तलाव तिने खिडकीतून दाखवला. 'आम्ही इथं भाकरी सोडायचो,' ती म्हणाली. तेवढ्यात मामांनी एसी वाढवायला सांगितला.

घाट संपल्यावर मुलूख उघडा होतो. अंजिराच्या बागा, सीताफळाच्या बागा. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे. रस्त्याकडेला पाट्या-टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांना मात्र तसल्या मानांकनाची गरज पडत नाही, 'खाऊन बघा' पुरतं. त्यांच्या जोडीने दुसरं पीक आहे प्लॉटच्या फलकांचं. पुरंदरला विमानतळ व्हायचा आहे, तो झालेला नाही. पण 'विमानतळापासून फक्त दहा मिनिटांवर' असलेले प्लॉट आताच तयार आहेत. याच तालुक्यातल्या कोडीत गावी १८९८ मध्ये आचार्य अत्र्यांचा जन्म झाला. ते असते तर असा फलक गेल्या दहा हजार वर्षांत झाला नाही, हे त्यांनी नक्की सांगितलं असतं.

सोनोरीच्या रस्त्याला लागल्यावर मोबाइलमधल्या बाईने डावीकडे वळवलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि एका गोठ्यासमोर आणून 'तुम्ही तुमच्या ठिकाणी पोहोचला आहात' असं जाहीर केलं. समोर म्हैस रवंथ करत होती. गोठ्यातून एक गृहस्थ हातातली वैरण न टाकता बाहेर आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मामांच्या काठ्यांकडे पाहिलं.

'गडावर ना? फिरवा मागं. रोज दोन गाड्या येतात हितं.'

मग त्यांनीच रस्ता सांगितला. तो सांगताना त्यांनी एकदाही डावं-उजवं म्हटलं नाही. चिंच, देऊळ, पाण्याची टाकी, मग सरळ. एकदाही चुकलं नाही.

पायथ्यापासून गड दिसतो आणि पहिल्या नजरेला थोडी फसवणूक झाल्यासारखी वाटते. 'एवढाच?' धाकटा म्हणाला. त्याचा दोष नाही. मराठी मुलाचा पहिला किल्ला दिवाळीत अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये होतो. विटा, पोतं, चिखल, वरून अळीव पेरून केलेली हिरवळ. त्यानंतर चौथीच्या इतिहासात तो रायगड आणि प्रतापगड वाचतो. त्याच्या डोक्यात किल्ला एकतर तीन फुटी असतो, नाहीतर आभाळाला टेकलेला. मधलं माप त्याला कोणी दाखवलेलंच नसतं. मल्हारगड हे ते मधलं माप आहे. सगळा पसारा साडेपाच एकरांच्या आतबाहेर.

बाबांनी मात्र आकडा काढला. 'समुद्रसपाटीपासून ३१६६ फूट!'

'बाबा, पुणंच मुळात अठराशे फुटांवर आहे,' ताई म्हणाली. 'आणि दिवेघाट गाडीने चढला. आपण चढणार ते उरलेलं.'

उरलेलं म्हणजे रमतगमत पाऊण तासाची चढण. पण ती दिवाळीनंतर अकराच्या उन्हात चढायची, तर तिला स्वतःचे नियम असतात. पावसात हिरवंगार दिसणारं गवत या दिवसांत वाळून सोनेरी होतं. फोटोत ते फार सुंदर येतं. त्याच्या टोकांना जी कुसळं असतात, ती फोटोत येत नाहीत. ती मोज्यात येतात. पहिल्या दहा मिनिटांत मामींच्या लेगिंग्जची मागची बाजू साळिंदरासारखी झाली. कुसळाचा एक कायदा आहे: ते आलं तसं मागे ओढलं तर तुटतं आणि टोक आत राहून दिवसभर टोचतं. त्याच्या दाण्यापाशी बारीक उलट केस असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं. म्हणून ते ज्या दिशेने शिरलं, त्याच दिशेने पुढे ढकलून दुसऱ्या बाजूने काढायचं. हे एका आजीला माहीत होतं, आणि आजी मागे होती.

कारण चढणीच्या सुरुवातीलाच सगळ्यांची आपापली चाल पडली. धाकटा धावत पुढे गेला, पाण्यासाठी परत आला, पुन्हा पुढे गेला. त्याने तो डोंगर एकूण दोनदा चढला असावा. ताई कानात गाणी घालून. आई-बाबा जोडीने, म्हणजे बाबा चार पावलं पुढे आणि 'अहो, थांबा जरा' चार पावलं मागे. मामांनी पहिला टप्पा जोरात घेतला, काठ्या खटखट वाजवत. दुसऱ्या टप्प्यावर ते समोरचं दृश्य बघण्यासाठी थांबले. तिसऱ्यावरही. दृश्य दर पन्नास पावलांना बघण्यासारखं होत गेलं.

आणि सर्वांच्या मागे आजी. काठाची सुती साडी, ताईचे जुने बूट, खांद्याला कापडी पिशवी. एक लय धरलेली: वीस पावलं, एक श्वास, वीस पावलं. ती थांबत नव्हती, तशी पुढेही येत नव्हती.

महादरवाजा अजून चांगला उभा आहे. आत शिरल्याबरोबर पहारेकऱ्यांच्या देवड्या. 'वॉचमनची केबिन!' धाकटा म्हणाला, आणि या विषयावर इतकं नेमकं विधान क्वचितच झालं असेल. तटबंदी बऱ्यापैकी शाबूत, मधे बालेकिल्ला, त्यात दोन देवळं: एक महादेवाचं, एक खंडोबाचं. खंडोबा म्हणजे मल्हारी, त्यावरून मल्हारगड. जेजुरी इथून लांब नाही. तटाच्या दगडांवर खडूने आणि खिळ्याने बदाम काढून नावं लिहिलेली आहेत. पानशांनी इतका खर्च करून आपलं नाव कुठे कोरलेलं दिसत नाही. ज्यांनी काहीच बांधलं नाही त्यांनी मात्र तीन-तीनदा.

बुरुजावर बाबा उभे राहिले. मराठी बापाला बुरुजावर उभं केलं की त्याच्या तोंडून इतिहास आपोआप येतो. बाबांचा इतिहास 'असेल'वर चालतो. 'याच बुरुजावर उभं राहून,' त्यांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला, 'महाराजांनी समोरच्या पुरंदरकडे पाहिलं असेल. मावळे इथे खाली दबा धरून बसले असतील. आणि मग एका रात्री...'

तटाच्या सावलीत शेळ्या राखणारे एक म्हातारबुवा बसले होते. ते बराच वेळ ऐकत होते.

'म्हाराज न्हाई आलं हितं,' ते म्हणाले. 'म्हाराजांच्या माघारी लई वर्सांनी बांधला ह्यो. पानशांचा गड. खाली सोनोरीत त्यांची गढी हाय, जाताना बघून जावा.'

शांतता पसरली. ताईने मोबाइलवर वजाबाकी केली: महाराज गेले १६८० साली, गडाचं काम निघालं १७५७ मध्ये. सत्त्याहत्तर वर्षं.

'बाबा, म्हणजे तू खोटं सांगत होतास?'

'खोटं नाही रे. असेल म्हणालो मी.'

मल्हारगडाची खरी अडचण हीच आहे. इथे कोणी कडा चढून आलं नाही, कोणी शेलारमामा नाही, घोरपड नाही. हा दिवेघाटावर नजर ठेवायला बांधलेला पहाऱ्याचा किल्ला. पहारेकऱ्याचं काम चोख झालं की गोष्ट घडत नाही. थोरले माधवराव पेशवे इथे येऊन गेले, पण चौथीच्या पुस्तकातून आलेल्या मुलाला त्याचं काय. म्हातारबुवांनीच पुढे सांगितलं की उमाजी नाईक इथे आसऱ्याला असत. आद्य क्रांतिकारक म्हणतात ते उमाजी नाईक. भिवडीचे, म्हणजे याच पुरंदर तालुक्यातले, आणि १८३२ मध्ये पुण्यात फासावर गेले. 'आमच्या उमाजीनं विंग्रजाला लई पळिवला,' हे ते अशा आवाजात म्हणाले, जणू परवाची गोष्ट. धाकटा त्यांच्याजवळ सरकला. बाबांनी हे पाहिलं आणि त्यांनी शहाणपणाने आपला इतिहास समोरच्या डोंगरावर हलवला. 'बरं, तो पुरंदर. त्याला चिकटलेला वज्रगड. संभाजीराजांचा जन्म तिथला, १६५७. मुरारबाजी तिथेच लढला. १६६५चा तह त्याच गडाच्या नावाने.' यात एकही 'असेल' नव्हतं. आवाज पुन्हा भरून आला.

समोरच्या अंगाला कानिफनाथाचा डोंगरही दिसतो. तिथल्या गाभाऱ्यात जायला एवढासा चौकोनी झरोका आहे. सदरा, पट्टा काढून पुरुषमंडळी त्यातून सरपटत आत जातात. 'पुढच्या वेळी ते करू,' बाबा म्हणाले. सगळ्यांनी न ठरवता मामांच्या पोटाकडे पाहिलं. मामा म्हणाले, 'चार महिने जिम बंद आहे, नाहीतर...'

साडेबारा वाजले. भूक लागली. सतरंजी महादेवाच्या देवळाजवळ अंथरली गेली, पत्रावळ्या मांडल्या, पाण्याचे चौदा लिटर (आता नऊ) मधोमध ठेवले. आणि मग प्रश्न निघाला की डबे कुठे आहेत.

मामांकडे काठ्या होत्या. बाबांकडे कॅमेरा आणि पाणी. आईकडे औषधं, मामींकडे पत्ते आणि सतरंजी. ताईकडे पॉवर बँक. दोन घरच्या पुऱ्या गाडीपाशी एका पिशवीत भरल्या गेल्या होत्या, पण ती दुसऱ्याने घेतली असं प्रत्येकाने समजल्यामुळे गाडीच्या डिकीतच राहिली होती. चकल्या, चिवडा, शंकरपाळ्या त्याच पिशवीत. म्हणजे एका माणसामागे आठ पुऱ्या असा हिशेब करून पहाटे उठलेल्या घराकडे बारा वाजून तीस मिनिटांनी, मराठी साम्राज्याच्या शेवटच्या गडावर, खायला लिमलेटच्या गोळ्या होत्या.

'दहीभात?' आईला एकदम आठवलं.

'तो आजीच्या पिशवीत.'

सात माणसांपैकी सहा जण तटावर येऊन उभे राहिले आणि खाली पाहू लागले. पहारेकऱ्यांसाठी बांधलेल्या त्या तटावर इतक्या एकाग्र नजरेने बऱ्याच वर्षांत कोणी उभं राहिलं नसावं. खाली सोनेरी गवतात काठाची साडी दिसली. वीस पावलं, एक श्वास. मामा पिशवी आणायला खाली जायला निघाले, पाच पायऱ्या उतरले आणि त्यांना दृश्य दिसलं. धाकटा मात्र धावत गेला, आणि पिशवी घेऊन वर येण्याऐवजी आजीचा हात धरून तिच्याच चालीने चढू लागला. वरून मामींनी ओरडून विचारलं, 'अरे, पिशवी तरी दे पुढे!' तो खालून ओरडला, 'ती देत नाहीये!'

आजीने खरंच दिली नाही. दरवाज्यातून आत येऊन, देवडीच्या सावलीत टेकून, पदराने तोंड पुसून, आधी खंडोबाला हात जोडून मगच तिने डब्याचं झाकण काढलं. दहीभात सात जणांना साडेतीन-साडेतीन घास आला. आठवा वाटा म्हातारबुवांना गेला. त्यांनी बदल्यात फडक्यातली बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि एक कांदा पुढे केला. कांदा बुक्कीने फोडला. मामांनी भाकरीचा तुकडा मोडला, डोळे मिटले आणि त्या दिवसातलं पहिलं पूर्ण वाक्य बोलले: 'याच्यापुढे सगळं झूट आहे.' मग आजीने एकेकाला समोर बसवून कुसळं काढली, पुढे ढकलून.

उतरताना फार काही झालं नाही. मामींचा बूट घसरला, कोणी पडलं नाही. सोनोरीत गढी बाहेरून पाहिली. धाकट्याला ती गडापेक्षा आवडली, कारण ती कोणाचं तरी घर होती. गाडीच्या डिकीत उन्हाने पुऱ्या मऊ पडल्या होत्या आणि दोन्ही बटाट्याच्या भाज्या एकमेकींत मिसळल्या होत्या. कोणाची चांगली, हा वाद त्यामुळे कायमचा मिटला. सासवडला आजीने सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घेतलं. घाटाच्या अलीकडे सीताफळं घेतली. मामांच्या घड्याळात बासष्ट मजले भरले होते, आजीकडे घड्याळ नव्हतं.

रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिवाळीचा किल्ला अजून होता. तुळशीचं लग्न झाल्याशिवाय तो मोडत नाहीत. झोपायच्या आधी धाकटा खाली गेला आणि बराच वेळ आला नाही, म्हणून बाबा बघायला गेले. महाराजांची मूर्ती त्याने सिंहासनासकट उचलून घरात नेण्यासाठी अलगद बाजूला ठेवली होती. 'मल्हारगडावर ते नव्हते ना,' तो म्हणाला. पुठ्ठ्याच्या पाटीवरचं 'रायगड' खोडून त्याने नवीन नाव लिहिलं होतं. वरच्या बुरुजावर सहा मावळे ओळीने उभे केले होते, सगळे खाली बघत. आणि खूप खाली, अळिवाच्या पिवळ्या पडलेल्या गवतात, डोक्यावर मडकी घेतलेली मातीची गौळण एकटीच वाटेला लावली होती.

बाबा तिला उचलून वर ठेवायला गेले.

'नको,' धाकटा म्हणाला. 'तिला तिच्या चालीने येऊ दे. जेवण तिच्याकडे आहे.'